दोन पंगतींचा नाताळ

आढावबाई कधी बसून जेवल्याचं मला आठवत नाही. मधली सुट्टी झाली की आम्ही सगळ्याजणी शिक्षक-खोलीतल्या लांब टेबलाभोवती डबे उघडायचो, आणि बाई खिडकीशी उभ्या राहून, डबा डाव्या तळहातावर धरून, भराभर जेवण उरकायच्या. नव्यानं शाळेत लागलेली एखादी म्हणायचीच, "अहो बाई, बसा की." त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "बसलं की कुणीतरी उठवतं. त्यापेक्षा उभं बरं."

त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. आमची शाळा रास्ता पेठेतली, आणि आम्हा दोघींची घरंही तिथंच, दोन गल्ल्यांच्या अंतरानं. बाई उंचीनं बेताच्या, चालायला भरभर, आवाजाला कोरड्या. नवा खडू हातात आला की आधी मधोमध मोडायच्या, कारण अख्खा खडू फळ्यावर किरकिरतो. "धरून चाला" हे त्यांचं पालुपद होतं. भूमितीत ते शोभायचं, पण बाई ते कुठंही वापरायच्या. मुख्याध्यापक सभेत कुणाला टोचून बोलले, तर तिच्या कानाशी लागून म्हणायच्या, "धरून चाला की त्यांचं पोट बिघडलंय." वर्गात शिट्टी वाजली तर मागं न वळता म्हणायच्या, "धरून चाला की ती मला ऐकू आली नाही. दुसरी मात्र येईल." दुसरी कधी वाजायची नाही.

बाई मूळच्या नगरच्या. लग्न होऊन खडकीत आल्या आणि मुलगी रूथ दोन वर्षांची असताना पहिले यजमान मोटारसायकलच्या अपघातात गेले. पुढं देवळातल्या मंडळींनी (बाई चर्चला नेहमी देऊळच म्हणायच्या) सॅम्युअल आढावांचं स्थळ सुचवलं. आढाव रेल्वेच्या ऑफिसात होते. त्यांची बायको नलिनी आजारपणात गेली होती आणि पदरात दोन मुलं होती, प्रशांत आणि शुभा. लग्न झालं, तीन मुलांचं एक घर झालं, आणि त्या घराला दोन बाजूंनी दोन सासरं-माहेरं चिकटली. नलिनीची आई आणि भाऊ वानवडीला, रूथचे आजी-आजोबा आणि काका खडकीला. बाईंच्या बोलण्यात या लोकांची नावं यायची नाहीत. नुसती 'वानवडी' आणि नुसती 'खडकी'. "वानवडी रुसलीय." "हे खडकीला कळू देऊ नका."

वानवडीला वाटायचं, आपल्या लेकीच्या घरात एक परकी बाई स्वतःच्या पोरीसकट येऊन राहिली. खडकीला वाटायचं, मुलाला जाऊन पुरती दोन वर्षंही झाली नाहीत तोवर सून दुसऱ्याची झाली आणि नात दुसऱ्याचं नाव लावायला लागली. या दोन घरांचं आपसात कधी भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही. पण एका खोलीत बसायचं नाही, हे दोन्हीकडं पक्कं होतं. आणि नाताळ तर दोघांचा एकाच दिवशी यायचा.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बाईंनी दसऱ्यापासून स्वेटर विणायला घेतले. मोकळा तास मिळाला की सुया बाहेर निघायच्या. लाल लोकर, छातीवर पांढऱ्या नागमोडी रेघा, तीन मुलांचे तीन सारखे. प्रशांतचा मोठा, रूथचा अगदी एवढासा. आम्ही चिडवायचो, "बाई, बँडपथक काढताय का घरात?" त्या म्हणायच्या, "तिघं एका घरची दिसली पाहिजेत. लांबून तरी."

नाताळच्या सकाळी तिघांनी स्वेटर घातले. दुपारी वानवडीची आजी आली, प्रशांतला आणि शुभाला चार दिवसांसाठी घेऊन गेली. मुलं परत आली ती अंगावर दुसरे कपडे घालून.

जानेवारीत शाळा सुरू झाली. थंडी कडाक्याची होती. आमच्या शाळेत जवळच्या बोर्डिंगातल्या मुली यायच्या. त्यांतली पाचवीतली एक मुलगी लाल स्वेटर घालून आली, छातीवर पांढऱ्या नागमोडी रेघा. बाह्या तिला लांब होत होत्या, तिनं त्या दुमडल्या होत्या. तो स्वेटर मी तीन महिने समोर वाढताना पाहिला होता, त्यामुळं मला विचारायचं काही कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीच्या अंगावर दुसरा दिसला. वानवडीच्या आजीनं सावत्र हाताचं नातवंडांच्या अंगाला नको म्हणून दोन्ही स्वेटर बोर्डिंगात देऊन टाकले होते.

मी बाईंकडं पाहिलं. त्या हजेरी घेत होत्या. वर्गातून बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "बरं झालं. थंडी आहेच."

एवढ्यावर ते संपलं असतं तर मी ते विसरूनही गेले असते. पण त्या आठवड्यात रूथ बालवाडीत निळ्या, विरलेल्या जुन्या स्वेटरमध्ये कुडकुडत बसलेली दिसली. मी विचारलं, "बाई, हिचा लाल कुठं गेला?"

"दिला. बोर्डिंगातच. तिथं लहान मुलीही आहेत."

"अहो, पण का?"

"त्या दोघांचे गेले. आता हिनं एकटीनं घालायचा, हे बरं दिसत नाही."

रूथ रडली का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढं बाईंनी नाताळची एक पद्धतच बसवून टाकली. दुपारी बाराला वानवडी, चारला खडकी. सकाळच्या उपासनेहून आल्या आल्या पहिली पंगत. वानवडीची आजी, मामा, मामी, त्यांची मुलं. मटण, पुलाव, करंज्या, आणि कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणलेला केक. आजी मात्र स्वतःचा डबा घेऊन यायची. लेकीच्या घरी जेवायला बसायची, ताट समोर घ्यायची, आणि त्या ताटात आपल्या डब्यातलं वाढून घ्यायची. बाई तिला पाणी वाढायच्या. तीन वाजता वानवडी निघाली की सगळी भांडी घासून पुसून जागेवर, चादरी बदललेल्या, आणि चारला खडकीसाठी पुन्हा ताजा स्वयंपाक. आधीच्या पंगतीचं उरलेलं खडकीला वाढायचं नाही, कारण खडकीच्या आजोबांनी एकदा विचारलं होतं, "हे आमच्यासाठी केलंय, की राहिलंय?"

एका वर्षी वानवडीची आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं. मामाचं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून तिला बाईंकडं आणलं. दोन-अडीच महिने बाईंनी तिचं सगळं केलं, शाळा सांभाळून. त्यात नाताळ आला. बारा वाजता वानवडी आली, आजीच्या पलंगाभोवती बसून जेवली. चार वाजता आतल्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं गेलं, आणि बाहेर खडकी जेवली. मी त्या दिवशी नेमकी पाच वाजता भेटायला गेले होते. आतून आजी हाका मारत होती, "अहो बाई! त्या बाई!" दोन महिने आपलं अंग पुसणाऱ्या बाईंना ती 'त्या बाई' म्हणायची. बाहेर खडकीचे काका विचारत होते, "आत कोण आहे?" आणि बाई शांतपणे करंज्यांचं ताट पुढं करत म्हणाल्या, "रेडिओ आहे."

आढावसाहेब स्वभावानं फार चांगले होते. इतके चांगले, की त्यांचा कुणाला काही उपयोग नव्हता. काहीही झालं की बाईंकडं बोट दाखवून म्हणायचे, "मार्था आहे ना, ती बघेल." मुलं आली की त्यांना, पाहुणे आले की त्यांना, पास्टरसाहेब आले की त्यांनाही. ते हे कौतुकानं म्हणायचे. वर्षानुवर्षं ऐकून ते मला शिक्षेसारखं वाटायला लागलं होतं.

भेटवस्तू हा दुसरा पेच. नोव्हेंबर संपत आला की बाई बोहरी आळीतून रंगीत कागदाचा एकच मोठा गठ्ठा आणायच्या. सगळ्यांच्या वस्तू त्याच कागदात, तशाच रिबिनीत. एकदा मी त्यांच्याबरोबर लक्ष्मी रोडला कपडे घ्यायला गेले होते. बाईंनी गल्ल्यावर एक शर्ट आणि दोन फ्रॉक शेजारी शेजारी ठेवले, मागं सरकून पाहिले, उलटे केले, शिवणी तपासल्या, पुन्हा मागं सरकल्या. बराच वेळ हे चाललं होतं. शेवटी दुकानदार म्हणाला, "बाई, भेट द्यायचीय की निवाडा?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "वेगवेगळं बांधा."

तरी वानवडी म्हणालीच, मुलाला शर्ट आणि तिच्या पोरीला फ्रॉक? फ्रॉकला कापड जास्त लागतं. पुढच्या वर्षापासून रूथच्या पुड्यातली वस्तू जरा हलकी व्हायला लागली. शुभाला चांदीचे पैंजण तर रूथला काचेच्या बांगड्या. शुभाला घड्याळ तर रूथला कंपासपेटी. कागद तोच, रिबीनही तीच. बाहेरून काहीच कळायचं नाही.

रूथला कळायचं. ती आमच्याच शाळेत होती. शाळा सुटल्यावर आईची वाट बघत शिक्षक-खोलीत बसायची. पाचवी-सहावीत असेल. बाई पेपर तपासत होत्या, मी समोर होते. रूथनं दप्तराशी चाळा करत सहज विचारावं तसं विचारलं, "आई, मी सावत्र आहे का गं?"

बाईंचा लाल पेनचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही. "नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर."

मला ते समजलं. रूथला समजायचं वय नव्हतं. आणि जेव्हा वय आलं, तेव्हा तिनं ते समजून घेतलं नाही. बारावी होताच ती बंगळूरला शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली. नाताळला यायची, पाहुणी आल्यासारखी यायची, दोन्ही पंगतींना वाढायची आणि रात्रीच्या गाडीनं परत जायची.

वर्षं गेली. वानवडीची आजी गेली, खडकीचे आजी-आजोबाही गेले. आम्ही दोघी निवृत्त झालो. आढावसाहेब झोपेतच गेले, आणि मुलांच्या इच्छेप्रमाणं त्यांना नलिनीच्या कबरीतच ठेवलं. दफन आटोपून परत येताना बाई रिक्षात माझ्या शेजारी होत्या. मी म्हटलं, "तुम्हाला विचारलं होतं का?" त्या म्हणाल्या, "विचारलं ना. 'आई, तुझी हरकत नाहीये ना,' असं विचारलं."

पंगती मात्र दोनच राहिल्या. आता वानवडी म्हणजे मामा, मामी, त्यांच्या सुना-जावई; खडकी म्हणजे काका आणि त्यांचा गोतावळा. त्यात प्रशांतची बायको केतकी आली, तिला पहिल्या लग्नाची मुलगी. शुभाचे सासरचे आले. घर वाढत गेलं, भांडी वाढत गेली, बाईंचे गुडघे मात्र संपत आले. प्रशांत खराडीला आयटीत, मोठा फ्लॅट घेतलेला, तरी नाताळ बाईंच्या दोन खोल्यांतच. मी म्हणायची, "अहो, सगळ्यांना एकदम बोलवा. आता रुसणारी माणसं राहिलीत कुठं?"

"माणसं गेली, रुसवा शिल्लक आहे," बाई म्हणायच्या. "मामा काकांचं तोंड बघायचे नाहीत. तुम्हाला नाही ठाऊक. मी आहे म्हणून निभतंय."

यावर त्यांचा ठाम विश्वास होता. आयुष्यभराचं उत्तर त्यांनी त्यावर काढलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात त्यांनी मुलांना पहिल्यांदाच सांगितलं, "यंदा माझ्यानं होणार नाही. तुम्ही बघा काय ते." मला हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडी उत्सुकता होती. आता धावाधाव होईल, कुणीतरी म्हणेल की तुझ्याशिवाय कसा गं नाताळ, असं त्यांना वाटत असावं. प्रशांत म्हणाला, "आई, तू टेन्शनच घेऊ नकोस. आराम कर." शुभा म्हणाली, "बरं केलंस, आधीच करायला हवं होतंस." रूथ म्हणाली, रजा नाहीये, यंदा जमणार नाही.

"आता बघा," बाई मला म्हणाल्या. "वानवडी प्रशांतकडं जाईल, खडकी कुणाकडंच जाणार नाही, आणि महिनाभर मला फोन येत राहतील."

पंचवीस तारखेला दुपारी मी त्यांच्याकडं गेले. एकट्या असतील म्हणून घरून गरम पुरणपोळ्या नेल्या होत्या. बाई देवळातून येऊन मोतिया रंगाच्या रेशमी साडीतच होत्या. खिडकीत कागदाची चांदणी लावलेली. टेबलावर त्याच एका कागदात बांधलेले, सगळ्यांच्या नावाचे पुडे रचून ठेवले होते. आराम करा म्हटल्यावरही हे काही चुकलं नव्हतं. आम्ही बोलत होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, एकदा आणि मग लागोपाठ.

"भागवतबाई, चष्मा आत राहिलाय माझा. बघता का जरा, कुणी काय पाठवलंय?"

मी फोन घेतला. त्यांच्या घरच्या ग्रुपवर केतकीनं फोटो टाकला होता. खराडीतलं कुठलंसं हॉटेल, लांबच लांब टेबल, माणसंच माणसं. खाली लिहिलं होतं, 'फायनली सगळे एकत्र!!'

"कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"प्रशांतचा फोटो आहे. हॉटेलात जेवताहेत."

"वानवडी आहे का त्यात?"

"आहे. मामा आहेत, मामी आहेत. मुलंही आहेत."

"वाटलंच मला. आणि खडकी?"

मी फोटो बोटांनी मोठा केला. "काका आहेत."

"वेगळ्या टेबलावर?"

"नाही हो. मामांच्या शेजारीच. हसताहेत दोघं. मामांचा हात काकांच्या खांद्यावर आहे."

पुरणपोळीवरचं फडकं बाईंनी नीट केलं, पुन्हा नीट केलं. मग अगदी हळू विचारलं, "रूथ?"

मला नाही म्हणता आलं असतं. पण आत जाऊन चष्मा आणायला त्यांना किती वेळ लागणार होता?

"आहे," मी म्हटलं.

बाई उठल्या, आत गेल्या, चष्मा लावून आल्या. फोन हातात घेऊन खूप वेळ बघत राहिल्या. पेपर तपासताना बघायच्या तशा, एकेका माणसावरून. मग फोन माझ्यापुढं धरला.

"हे बघा. प्रशांत रूथच्या ताटात काहीतरी वाढतोय."

खरंच तसं होतं. रूथ नको नको म्हणत हात आडवा धरून हसत होती, आणि प्रशांत डाव पुढं करत होता. सख्खी भावंडं करतात तसं.

"हेच तर हवं होतं मला," बाई म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला. "फक्त मधून मी बाजूला व्हायला हवं होतं. हे कुणीतरी आधी सांगायचं, एवढी वर्षं घालवली नसती."

मी काहीतरी समजूत घालायला लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं, वर्गात थांबवायच्या तसंच. "अहो, पुरणपोळी गार होतेय. वाढा."

संध्याकाळी सगळे त्यांच्याकडं आले होते म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं. पाय दाबून देणारं एक मोठं यंत्र सगळ्यांनी मिळून आणलं होतं. रूथला खरोखरच शेवटच्या क्षणी रजा मिळाली होती, आईला सरप्राइज द्यायचं होतं. सकाळी विमान उशिरा आलं, म्हणून आधी हॉटेलात गेली. खोटं कुणी बोललं नव्हतं. कुणाच्या मनात काही वाईटही नव्हतं. बाईंनी फक्त एवढंच विचारलं होतं की, मामा-काका एका टेबलावर कसे बसले?

त्यावर रूथ म्हणाली होती, "आई, त्यांचं काही नव्हतंच गं. तू असलीस की सगळ्यांना सांभाळून वागावं लागतं. तू सगळ्यांना इतकं सांभाळतेस, की आपण कुणावर तरी रागावलेलो असणार, असंच वाटत राहतं."

"चूक नाही तिचं," बाई मला म्हणाल्या. "उत्तर बरोबर आहे. फक्त मार्क मला मिळाले नाहीत."

हा त्यांचा विनोद होता. मला हसू आलं नाही, त्यांनाही नाही.

त्यानंतर त्या पंगतींबद्दल, वानवडी-खडकीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी नगरला थोरल्या बहिणीकडं जाऊन राहायचं ठरवलं. बहीण विधवा, घर मोठं, दोघींना सोबत. राहती जागा तिघांच्या नावे करून दिली. मुलांनी जाऊ नकोस असं म्हटलं, अगदी मनापासून म्हटलं, आणि मग सामान बांधायला माणसं लावून दिली. फोन नियमित चालू राहिले. पुढचा नाताळ पुन्हा खराडीच्या हॉटेलात झाला. बाईंनी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं आणि आल्या नाहीत. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या नगरलाच वारल्या. मला हे कळलं आठवड्यानं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. तिन्ही मुलांना वाटलं होतं, दुसऱ्या दोघांपैकी कुणीतरी भागवतबाईंना कळवलं असेल.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर, त्या नगरला निघाल्या त्या दिवशी. सकाळीच त्यांचा फोन आला, "मोकळ्या असाल तर स्टँडपर्यंत येता का? गप्पा होतील." रिक्षातून गेलो. एक सुटकेस, एक पिशवी. मला वाटलं होतं तिथं गर्दी असेल. प्रशांत, शुभा, नातवंडं, कदाचित रूथही. फलाटावर कुणीच नव्हतं.

"मुलं पोचली नाहीत वाटतं अजून?" मी विचारलं.

"येणार नाहीयेत."

"म्हणजे?"

बाईंनी पिशवी खांद्यावर नीट केली. "प्रशांतला सांगितलंय, शुभा सोडायला येतेय. शुभाला सांगितलंय, प्रशांतची गाडी आहे. रूथला सांगितलंय, दोघंही येताहेत."

"आणि कुणी उलटून विचारलं नाही? एकमेकांना फोन केला नाही?"

"नाही. तिघांनाही जरा बरंच वाटलं. आवाजावरून कळतं ना."

मी त्यांच्याकडं पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं अवघड गणित दोन ओळींत सुटल्यावर त्यांचा चेहरा व्हायचा, तसा तो होता. फक्त त्यात आनंद नव्हता.

गाडी लागली. कंडक्टरनं सुटकेस वर चढवली आणि विचारलं, "आजी, सोबत कोण हाय?" बाई म्हणाल्या, "कुणी नाही. नगर, एक." खिडकीशी जागा मिळाली. मी खाली उभी राहून म्हटलं, "पोचल्यावर फोन करा." त्यांनी मान हलवली. ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली, धूळ उडाली. बाईंनी खिडकीची काच ओढून घेतली. ती मध्येच अडकली, त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून ती पूर्ण बंद केली. मग ऊन काचेवर आलं आणि आतलं काही दिसेना.